पाट भिजायचा वेळ

गणिताने पाटकरणीचा पिच्छा वीस वर्षं सोडला नव्हता. शाळेत असताना बाकीचे विषय तिने एका दमात काढले, गणितात तेवीस मार्क पडले. पुन्हा बसली, सव्वीस पडले. तिसऱ्यांदा बसायच्या आत लग्न ठरलं आणि गणित होतं तिथे राहिलं. पुढे संसारात तिला क्षची किंमत कुणी विचारली नाही. दूध किती, ऊन किती, पाणी किती एवढं कळलं की भागत होतं, आणि तेवढं तिला चांगलं कळत होतं.

नवरा तेव्हा कालव्याच्या चारीवर पाटकरी होता. मोठ्या कालव्यातून चारीत पाणी सोडायचं, ठरल्या पाळीने आठ शेतांना द्यायचं, वेळ झाली की चारीच्या तोंडाचं दार खाली पाडून बंद करायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे त्याचं काम. दाराला लागूनच पाटबंधारे खात्याची दोन खोल्यांची चौकी, तिथेच बिऱ्हाड. तीन वर्षांपूर्वी दाराच्या ओट्यावरच्या शेवाळावरून त्याचा पाय सटकला आणि खुबा मोडला. तेव्हापासून कुबडी घेऊन अंगणापर्यंत यायचं, एवढीच त्याची मजल. खात्याने दया केली, म्हणजे कागदावर 'हंगामी' असा शब्द लिहून बायकोला त्याच्या जागी उभं केलं. वीतभर दार उचलायला लोखंडी चाकाचे साठ फेरे लागत. पहिल्या पंधरवड्यात तिच्या तळहातांची सालं निघाली. मग घट्टे पडले, आणि लोक तिला पाटकरीण म्हणू लागले.

त्या साली धरण निम्मंही भरलं नव्हतं. हिवाळा सरतानाच कालव्याच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ वर आणि पाणी हातभर खाली, असं दिसू लागलं. अशात एके दिवशी नवे साहेब चौकीवर आले. वयाने तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कामाला चोख, पायात नेहमी स्वच्छ बूट. चारीवर ज्याचे बूट स्वच्छ तो अजून टोकापर्यंत गेलेला नाही असं समजावं, असं नवरा म्हणायचा.

"बाई, चांगली बातमी आहे," साहेब म्हणाले. "हंगामी जागा कायम करायच्या आहेत. तुमचंही नाव आहे यादीत. दहावी आहात ना?"

"आहे. गणित सोडून."

साहेबांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. "गणितासह उत्तीर्ण, असं लिहिलंय. मेअखेर दाखला द्यायचा."

"नाही दिला तर?"

"तर जागा भरतीने भरणार. आणि..." त्यांनी चौकीच्या दोन खोल्यांकडे, दोरीवर वाळणाऱ्या लेकीच्या शाळेच्या कपड्यांकडे एकदा पाहिलं. "चौकी नव्या माणसाला लागेल."

बाजेवर बसलेल्या नवऱ्याने कुबडी या हातातून त्या हातात घेतली. "पाणी सोडायला गणित कशाला लागतं साहेब?" तो म्हणाला. "बाप माझा अंगठेबहाद्दर होता. चाळीस वर्षं त्याने ही चारी चालवली."

"नियम आहे," साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी गणिताचे मास्तर वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. गावात त्यांना छेदमास्तर म्हणत, कारण भांडण असो की बेरीज, 'आधी छेद सारखा करा' हे त्यांचं पालुपद. वीस वर्षांपूर्वी तेवीस मार्क पडले तेव्हा पाटकरीण त्यांच्याच वर्गात होती. ते या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते.

"पोरी, हे वाच. गणिताचा अभ्यासक्रम बदलतोय. पुस्तक नवं, पेपर नवा, मार्क द्यायची पद्धत नवी. जुन्या अभ्यासक्रमाच्या नापासांना ही मार्चची शेवटची संधी."

"आणि ही हुकली तर?"

"तर सगळे विषय पहिल्यापासून, नव्या पुस्तकाने. तेही शाळेत हजेरी लावून. वीस मार्क वर्गातल्या कामाला ठेवलेत."

"म्हणजे लेकीच्या शेजारी बाकावर बसायचं," नवरा म्हणाला. लेक नववीत होती. कुणी हसलं नाही.

मार्चला आठ आठवडे होते. मास्तर म्हणाले, दुपारी दोन तास शाळेच्या ओसरीवर ये, मी आहे. आणि खरंच ते रोज असत. पाटकरीण पहाटे दार उघडी, चारी चालून येई, पाळी झाली की दार पाडी, भाकऱ्या टाकी, नवऱ्याला आंघोळीला बसवी, आणि डोक्यावर पदर घेऊन उन्हातून शाळेत जाई. फावडं धरून बोटं इतकी आखडलेली असत की पेन्सिल धरली की अक्षर वहीभर पळे. वर्गातली पोरं खिडकीतून बघत. एकदा एक पोर म्हणालं, "हिला अजून वर्गमूळ येत नाही." मास्तर उठले, पण तिने हाताने खूण केली. खरंच येत नव्हतं.

तिची अडचण वेगळी होती. उत्तर तिला बरेचदा दिसायचं. टाकी केवढी, नळ केवढा, हे ऐकलं की ती क्षणभर डोळे मिटी आणि 'साडेतीन तास' म्हणे. मास्तर डोक्याला हात लावत.

"पायरी लिही! उत्तराला एक मार्क, पायऱ्यांना तीन. तुझं डोकं तपासणाऱ्याला दिसत नाही, वही दिसते."

मग ती पायऱ्या लिहायला शिकली. 'समजा', 'म्हणून', 'दिलेल्या अटीवरून'. संध्याकाळी नवरा बाजेवर पुस्तक धरून सूत्रं विचारी. तो आठवीपर्यंतच शिकलेला, त्यामुळे ती बरोबर सांगते की चूक हे त्याला पुस्तकात बोट ठेवूनच कळे. चुकली की तो म्हणे, "पालथ्या घड्यावर पाणी," आणि बरोबर आलं की काहीच न बोलता पान उलटी. ते न बोलणं तिला आवडे.

लेकीचा मात्र काही उपयोग होत नव्हता. तिच्या नववीला नवं पुस्तक आधीच आलं होतं. रंगीत चित्रं, मोठी पानं. आईच्या पुस्तकातली लॉगची कोष्टकं त्यात नव्हतीच, आणि जागोजागी लिहिलेलं असे, 'कारण सांगा', 'आणखी कोणत्या रीतीने सुटेल?', 'चर्चा करा'. मास्तरांनी ते एकदा चाळलं.

"यात उत्तरापेक्षा बोलणं जास्त," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "वाईट नाही. पण मला आता ते जमायचं नाही. आपण दोघं शेवटच्या खेपेचे." त्यांनी पुस्तक मिटून लेकीला परत दिलं.

एका दुपारी कालव्याचं उदाहरण निघालं. कालवा इतका रुंद, इतका खोल, पाणी ताशी इतक्या वेगाने वाहतं. अमुक तासांत किती रान भिजेल? पाटकरीण खूश झाली. हे तर घरचंच. तिने भराभर लिहिलं आणि वही पुढे केली. मास्तरांनी वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हा अर्धा तास कशातून वजा केलास?"

"पाट भिजायला."

"काय?"

"कोरडा पाट आधी स्वतः पितो मास्तर. त्याच्या भेगा भरतात, मग पाणी पुढे सरकतं. तेवढा वेळ शेतकऱ्याच्या पाळीत धरत नाहीत. आमच्या सासऱ्यांपासून तसंच आहे. पाणी शेताच्या तोंडाला लागलं की तिथून घड्याळ."

मास्तर खोकला येईपर्यंत हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "पोरी, पेपरातला पाट कोरडा नसतो. पेपरातलं दार उघडलं की पाणी थेट शेतात. लक्षात ठेव."

"मग गणित लिहिणाऱ्याने पाट बघितलेला नाही."

"त्याने बघायचाच नसतो. तू सोडवायचा असतो. शपथ घे, पेपरात असलं काही लिहिणार नाहीस."

तिने शपथ घेतली.

फेब्रुवारीत पाणी आणखी उतरलं. साहेबांनी नवा तक्ता केला. आता दिवसभर पाणी नाही. रोज एकाच शेताची पाळी, प्रत्येकाला दोन तास, दार उघडल्यापासून दार पाडेपर्यंत. कॉम्प्युटरवर काढलेला तक्ता, रेघा सरळ, आठही रकाने सारखे. तो भिंतीला लावताना साहेबांना मनापासून समाधान झालं होतं. वरच्या बड्या शेतकऱ्याला आणि टोकाच्या म्हातारीला एकच माप, याहून न्याय तो काय?

पाटकरणीने तक्ता दोनदा वाचला. "साहेब, रोज बावीस तास चारी कोरडी राहणार, टोकाकडे तर आठवडाभर. पार वाळणार."

"हो. मग?"

"पहिल्या शेताला पाणी पाच मिनिटांत लागतं. टोकाला जायला सव्वा तास. टोकाच्या काकूला दोन तासांतला पाऊणच तास मिळेल."

"दार पाडल्यावर पाटातलं पाणी तिकडेच उतरेल ना? उतार आहे."

"सगळं उतरत नाही. खळग्यांत बसतं, तिथेच मुरतं."

साहेब हसले. वाईट हेतूने नव्हे, दमलेले होते. "बाई, आठ शेतं, दोन-दोन तास, आठ दुणे सोळा. यात चूक कुठे आहे? गणित तुमचं राहिलंय की माझं?"

बरोबरचा कारकून फिदीफिदी हसला. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काही बोलावं असं वाटलं, पण कायम करायच्या कागदावर 'कामाचा शेरा' नावाचा एक रकाना होता आणि तो साहेबांनीच भरायचा होता.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी नवरा म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. मार्च जाऊ दे. एकदा कायम झालीस की बोल हवं तेवढं." बापाच्या चारीत चाळीस वर्षं जे चाललं ते मोडतंय हे त्यालाही कळत होतं. तो ताटाकडे बघूनच बोलला.

टोकाची काकू एकटी होती. नवरा गेलेला, मुलगा लांबच्या शहरात. अर्ध्या एकरात कांदा, कडेने थोडा मका. तिच्या पाळीच्या दिवशी पाटकरणीने सातला दार उघडलं आणि फावडं खांद्यावर टाकून पाण्याबरोबर चालू लागली. कोरड्या पाटातलं पाणी चालतं म्हणण्यापेक्षा रांगतं. पुढे पाचोळा, फेस, घाबरलेल्या मुंग्या. मागे मातकट पाण्याची जीभ. भेग आली की पाणी थांबे, बुडबुडे काढी, भेग भरे, मग हातभर पुढे. तीन किलोमीटर. काकू बांधावर अनवाणी उभी होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पाणी तिच्या शेताच्या तोंडाला लागलं तेव्हा सव्वाआठ झाले होते.

"आलीस का सूनबाई," काकू म्हणाली आणि दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, रानात उतरली.

पाटकरीण थांबली नाही. नऊला दार पाडायचं तर तिला परत तीन किलोमीटर चालायचं होतं. ती वळली तेव्हा काकूने मागून हाक दिली, "सूनबाई, निम्मं रान तरी भिजू दे गं!"

"बघते काकू," ती म्हणाली. तिने नऊला दार पाडलं, ना एक मिनिट पुढे, ना मागे. साठ फेरे उलटे.

संध्याकाळी रजिस्टर घेऊन ती काकूकडे गेली. रकाने होते: दार उघडलं, दार पाडलं, शेताला मिळालेला वेळ, शेतकऱ्याची सही. तिसऱ्या रकान्यात तिने आधीच लिहून आणलं होतं, 'दोन तास'. काकूला वाचता येत नव्हतं. तिने मातीचा अंगठा पदराला पुसला, शाईच्या डबीत दाबला आणि कागदावर धरून विचारलं, "लिहिलंय ते बरोबर आहे ना गं?"

"आहे काकू."

अंगठा उमटला. परत येताना पाटकरणीला वाटलं, आपण चोरी केली. कुणाचं काही उचललं नाही, तरी चोरीच. त्या महिन्यात असा अंगठा तिने चार वेळा घेतला. चौथ्या वेळी काकूने काही विचारलंही नाही. वाफ्यांतला पलीकडचा कांदा तोवर माना टाकून पिवळा पडला होता.

परीक्षेचं केंद्र मोठ्या गावच्या शाळेत होतं. जुन्या अभ्यासक्रमाचे नऊ जण, एका कोपऱ्यातल्या खोलीत. एक ट्रक चालवणारा, एक दवाखान्यातली आया, एक पिकल्या मिशांचा पोलीस. बाक पोरांच्या मापाचे. गुडघे वर अडकत. पोलीस म्हणाला, "शेवटची गाडी आहे ही. चुकली की पायी." सगळे हसले आणि मग प्रत्येकजण आपापल्या पेनाचं टोपण काढू-घालू लागला. पर्यवेक्षिका त्यांच्या लेकीसुनांच्या वयाची होती. ती त्यांना 'मुलांनो' म्हणाली आणि जीभ चावली.

पहिले तीन प्रश्न बरे गेले. भूमितीत एक सिद्धता अर्धी राहिली. वर्गसमीकरण सुटलं. घामाने वहीला हात चिकटत होता, म्हणून तिने रुमाल खाली धरला. पाचव्या प्रश्नात कालवा आला.

'एका चारीची रुंदी दीड मीटर व पाण्याची खोली साठ सेंटिमीटर आहे. पाणी ताशी दोन किलोमीटर वेगाने वाहते. शेतात आठ सेंटिमीटर पाणी उभे राहणे आवश्यक असल्यास दोन तासांत किती क्षेत्र भिजेल?' चार मार्क.

दोन तास. तिने पायऱ्या लिहिल्या, एकाखाली एक, मास्तरांनी शिकवल्या तशा. दोन तासांत चार हजार मीटर. छत्तीसशे घनमीटर. भागिले आठ सेंटिमीटर. पंचेचाळीस हजार चौरस मीटर, म्हणजे साडेचार हेक्टर. उत्तर सुबक आलं, म्हणजे बरोबर होतं. परीक्षेतली बरोबर उत्तरं सुबक असतात हे ती आठ आठवड्यांत शिकली होती.

पुढचा प्रश्न वाचायला घेतला, पण डोळा वळेना. 'दोन तास' हे शब्द तिच्याच अक्षरात कागदावर होते. रजिस्टरातही याच अक्षरात होते. चार वेळा. तिला ओल्या शाईत दाबलेला तो अंगठा दिसला, नखाच्या कडेला मातीची रेघ असलेला. मास्तरांची शपथही आठवली. चौकी आठवली, बाजेवरचा माणूस आठवला, दोरीवरचे लेकीचे कपडे आठवले. सगळं आठवूनही पाचव्यांदा तेच लिहवेना. तिला राग आला, साहेबांचा, पेपर काढणाऱ्याचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. आणि मनात कुठेतरी एक वेडी आशाही होती, की तपासणारा कदाचित चारीवर वाढलेला असेल, वाचेल आणि म्हणेल, हो, खरं आहे.

तिने शेवटच्या दोन ओळींवर रेघ मारली. खाली लिहिलं, 'चारी कोरडी असल्यास पहिला अर्धा तास ती स्वतः पिते. तो वेळ शेताला मिळत नाही. म्हणून दीड तास धरला.' मग नव्याने पायऱ्या. सत्तावीसशे घनमीटर. तेहतीस हजार सातशे पन्नास चौरस मीटर. उत्तर सुबक नव्हतं. त्याच्याखाली तिने दोन रेघा मारल्या.

परीक्षेनंतरच्या पाळ्यांना रजिस्टरातला मिळालेल्या वेळेचा रकाना तिने कोराच ठेवला. निकाल मे महिन्यात लागला. तेहतीस. लागत होते पस्तीस.

मास्तर स्वतः खेपा घालून उत्तरपत्रिकेची प्रत घेऊन आले. अंगणात उभ्या-उभ्याच त्यांनी ती उघडली. पाचव्या प्रश्नापुढे लाल शाईत दोन मार्क होते, सूत्र आणि पायऱ्यांचे. 'ती स्वतः पिते' या शब्दांखाली लाल रेघ आणि मोठं प्रश्नचिन्ह.

"दोन मार्क," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "शपथ घेतली होतीस तू. बरोबर उत्तर खोडलंस गं! माझ्या आयुष्यात मी नापास पोरं पुष्कळ पाहिली. बरोबर उत्तर खोडणारी तू पहिली."

"चुकलं मास्तर."

"काय चुकलं?"

लेक पत्रिका वाचत होती. "आई, आमच्या पेपरात असतं ना, तर याला मार्क मिळाले असते," ती म्हणाली. "'कारण सांगा' म्हणून." आणि आईचा चेहरा बघून तिला रडू फुटलं. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा न घेताच गेले.

नवऱ्याने बाजेवरून हात पुढे केला. मग म्हणाला, "दाखव." तिने दाखवलं. त्याने बोट ठेवून सगळं वाचलं, पायरी-पायरीने.

"अर्धाच तास धरलास," तो म्हणाला. "कमी धरलास."

ती त्याच्या पायाशी बसली आणि निकाल लागल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. खोली कुठे बघायची, बाज कशी न्यायची, त्याच्या कुबडीला पायऱ्या नकोत, हे बोलणं दुसऱ्या दिवसावर गेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवा माणूस आला. तिशीतला, बायकोमुलांना मागे ठेवून आलेला, शांत. त्याच्या पिशवीत दाखल्यांची प्लास्टिकची फाइल होती. नवऱ्याने लगेच त्याचं नाव 'दाखला' ठेवलं. साहेबांनी पाटकरणीला सांगितलं, "एक पाळी याच्याबरोबर करा, चारी दाखवा, मग चार्ज द्या." जरा थांबून म्हणाले, "मला वाईट वाटतं बाई. शेरा मी उत्तम लिहिला होता." तेही खरं होतं.

ती पाळी टोकाच्या काकूची निघाली.

सातला दोघांनी मिळून चाक फिरवलं. वीस फेऱ्यांनंतर त्याने हात झटकले. "फडकं बांधा आधी," ती म्हणाली. मग दोघं पाण्याबरोबर चालू लागले. आभाळ पांढरं होतं, वारा पडलेला. पाणी भेगाभेगांशी थांबत होतं. कुठे उंदराचं बीळ आहे, कुठे काठ खचतो, कुठल्या वळणावर गाळ साचतो, ती सांगत होती आणि तो मान हलवत होता. पहिल्या किलोमीटरनंतर तो घड्याळ बघू लागला. दुसऱ्या किलोमीटरला तो म्हणाला, "फारच हळू जातंय हो."

"पाट पितोय."

पाणी काकूच्या शेताच्या तोंडाला लागलं तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. निम्मं रान आता नुसतं भुईला चिकटलेलं वाळकं पातेरं होतं. काकू उरलेल्या वाफ्यांत उतरली. नवा माणूस रजिस्टर उघडून उभा राहिला.

"दार किती वाजता पाडायचं?"

"तक्त्यात नऊ आहे."

"आणि तुम्ही किती वाजता पाडत होता?"

"नऊलाच," पाटकरीण म्हणाली. मग ती काकूकडे वळली. पायाखालच्या चिखलात तिची टाच रुतत होती. "काकू, मी रजिस्टरात दोन तास लिहीत होते. पाऊण तास पाणी देऊन दोन तास. तुमचा अंगठा मी खोट्यावर घेतला. चार वेळा."

काकूने फावड्याने माती ओढली, एक वाफा बंद केला, दुसरा उघडला.

"ठाऊक होतं," ती म्हणाली.

"ठाऊक होतं?"

"माझ्या रानात पाणी किती वेळ उभं होतं ते कळायला वाचता यावं लागतं का?" काकूने कपाळाचा घाम दंडाला पुसला. "तुझी परीक्षा होती. साहेबाचा शेरा होता. म्हटलं, ही एकदा पास होऊ दे, कायम होऊ दे. मग आपलं पाणी कुठे जातंय? म्हणून गप्प बसले."

पाटकरीण त्या वाळलेल्या निम्म्या रानाकडे बघत राहिली.

"किती पडले?" काकूने विचारलं.

"तेहतीस. दोन कमी पडले."

"दोन?"

"पाटाचं गणित आलं होतं. मी त्यात पाट भिजायचा वेळ धरला. त्याचे गेले."

काकू फावड्यावर रेलून तिच्याकडे बघत उभी राहिली. पाणी तिच्या घोट्यांना लागत होतं. म्हणाली, "तिथे धरलास होय." आणि पुन्हा वाकून माती ओढू लागली.

नव्या माणसाने घसा खाकरला. "मी काय लिहू? शेताला मिळालेला वेळ?"

"घड्याळात दिसेल ते," पाटकरीण म्हणाली.

"साहेब विचारतील. तक्त्यात हे नाही."

"विचारलं तर सांगा की. तुम्ही पास आहात, तुमचं ऐकतील."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग वाफ्यांकडे, मग हातातल्या कोऱ्या रकान्याकडे. पेन झटकलं आणि लिहिलं, 'चारी भिजली: ऐंशी मिनिटे'. मग शाईची डबी काढून त्याने काकूसमोर धरली. काकूने हात पाण्यात धुतला, पण अंगठा पुढे केला नाही. तिने पाटकरणीकडे बघितलं.

"सूनबाई, वाच बघू," ती म्हणाली. "काय लिहिलंय?"

पाटकरणीने वाचून दाखवलं.